खो मिळायच्या आधी उठलेला लॅब्रडॉर : हंट टेस्टमध्ये कुत्र्याचा ‘दम’ कसा जोखावा

शाळेत खो-खो खेळलेल्या माणसाला ‘अर्ली गेटअप’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाठीवर हात आणि कानावर ‘खो’ पडायच्या आत पाटीवरून उठलं, की पंचाची शिट्टी. अमेरिकेत रिट्रीव्हर, म्हणजे पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या, कुत्र्यांच्या हंट टेस्टला पहिल्यांदा गेलो, अनुभवी न्यायाधीशांच्या मागे खुर्ची टाकून बसलो आणि दहा मिनिटांत वाटलं, अरे, हा तर खो-खोच आहे. पक्षी पडला, बंदूक वाजली, कुत्रा बसून राहिला पाहिजे. न्यायाधीश नंबर पुकारेल, मग मालक नाव घेईल, मग धाव. त्याआधी उठला तर संपलं. बसून राहण्याचा हा धीर म्हणजेच ‘दम’.

दुपारपर्यंत कळलं की इतकं सोपं नाही. खो-खोतला खेळाडू एक तर उठतो, नाही तर बसलेला असतो. कुत्र्याचं बूड अर्धं उठतं, परत टेकतं, वीतभर पुढे सरकतं, पुढचे पाय नाचतात, मध्येच एक कण्हणं ऐकू येतं. यातलं गुन्हा कोणतं, चूक कोणती आणि नुसता उत्साह कोणता, हे ठरवायचं कसं? इकडे लॅब्रडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर पाळून हळूहळू या खेळात ओढले गेलेले आणि आता ‘एखाद दिवस न्यायाधीश म्हणून बसाल का?’ असं विचारलं जाणारे काही मराठी लोक मला भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा कुत्रा स्पर्धेत आहे त्यांनीही वाचावा. समोरची दोन माणसं वहीत काय लिहीत असतात ते कळेल.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच मिटला. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या सोसायटीतला लॅब्रडॉर चेंडू आणतो, चप्पल आणतो, फार तर पाहुण्यांचा मोजा आणतो. ही जात मुळात पाण्यात पडलेला पक्षी हलक्या तोंडाने उचलून हातात आणून देण्यासाठी घडवली, हे इथे येईपर्यंत मलाही फक्त पुस्तकातून माहीत होतं. परवाना काढून बदकांची शिकार करणं इथे कायदेशीर आहे. टेस्टमध्येही खरे पक्षी वापरतात, ते ज्याला पाहवत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. त्यात कमीपणा काही नाही.

आधी खेळाची चौकट

अमेरिकन केनेल क्लबने, म्हणजे एकेसीने, रिट्रीव्हरच्या हंट टेस्ट 1985 मध्ये सुरू केल्या. त्याआधी होत्या त्या फील्ड ट्रायल, म्हणजे उघड स्पर्धा : पहिला, दुसरा, तिसरा. तिथली अंतरं आणि अवघडपणा वाढत वाढत असा झाला की साध्या शिकाऱ्याला आपला कुत्रा तिथे नेण्याची सोय उरली नाही. हंट टेस्टमध्ये कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशी लढत नाही. एक ठरलेली पातळी आहे, ती गाठली की पास. सगळे पास होऊ शकतात, सगळे नापासही. न्यायाधीशाने हे कपाळावर कोरून घ्यावं, कारण आधीचा कुत्रा फारच छान बसला म्हणून पुढच्याचे गुण कापायचा मोह होतोच.

पातळ्या तीन : ज्युनियर, सिनियर, मास्टर. न्यायाधीश दोन. प्रत्येक जण चार गुणांवर शून्य ते दहापर्यंत आकडे देतो. मार्किंग म्हणजे पक्षी कुठे पडला ते बघून लक्षात ठेवणं, स्टाइल म्हणजे कामातली उमेद, पर्सिव्हिअरन्स म्हणजे चिकाटी आणि ट्रेनेबिलिटी म्हणजे शिकवल्याला दिलेली दाद. दम, म्हणजे स्टेडीनेस, या शेवटच्या खात्यात जमा होतो. त्याच खात्यात हँडलरचा, म्हणजे कुत्रा घेऊन येणाऱ्या माणसाचा, ताबा, शिट्टीला प्रतिसाद आणि पक्षी हातात देणंही येतं.

युनायटेड केनेल क्लबशी जोडलेल्या हंटिंग रिट्रीव्हर क्लबच्या टेस्ट वेगळ्या असतात. तिथे आकडे नाहीत, पास की नापास एवढंच. इथे मी एकेसीचंच सांगतो.

पातळी कोणती ते आधी बघा

नवशिक्या न्यायाधीशाची पहिली चूक इथे होते. सकाळी मास्टर बघून आलेला माणूस दुपारी ज्युनियरच्या कुत्र्याला मास्टरच्या डोळ्यांनी बघतो.

ज्युनियरमध्ये एका वेळी एकच पक्षी पडतो, दोन जमिनीवर आणि दोन पाण्यात. हँडलरने कुत्र्याला हळुवारपणे धरून ठेवलं तर चालतं. साखळी लावून, साध्या बकलच्या पट्ट्यासकट रेषेपर्यंत, म्हणजे कुत्र्याला जिथून पाठवतात त्या जागेपर्यंत, आणायलाही हरकत नाही. धरलेला कुत्रा तडफडतोय, ओरडतोय म्हणून दमाचा प्रश्न उभा करू नका. तो प्रश्न या पातळीचा नाहीच.

सिनियरमध्ये साखळी सुटते, पट्टा उतरतो. कुत्र्याने स्वतःच्या जिवावर बसायचं. दोन दोन पक्षी पडतात, दुसऱ्या कुत्र्याचं काम बसून बघावं लागतं. मात्र इथे एक माफी आहे : कंट्रोल्ड ब्रेक. कुत्रा सुटला, म्हणजे न पाठवता निघाला, पण हँडलरच्या शब्दाने किंवा शिट्टीने लगेच थांबून परत आला, तर तेवढ्यावरून तो बाद होत नाही. गुण मात्र कापले जातात, आणि कापलेच पाहिजेत.

मास्टरमध्ये माफी नाही. सुटला की ट्रेनेबिलिटीत शून्य, मग तो पाच पावलांवरून परत येऊ दे की पन्नास.

हा नियम आहे कशासाठी

हे डोक्यात नसलं तर पुढचे निवाडे चुकतात, म्हणून थोडं थांबतो. पहाटेच्या थंडीत दोन शिकारी गवताच्या आडोशाला बसलेत. बदकं उतरायला लागली, दोघांच्या बंदुका उठल्या, आणि त्याच क्षणी पस्तीस किलोचा कुत्रा आडोशातून उडी मारून नळ्यांच्या पुढे गेला. किंवा तिघं छोट्या होडीत आहेत, पाणी बर्फासारखं आहे आणि कुत्र्याने काठावरून झेप घेतली. दम म्हणजे शिष्टाचार नव्हे, तो जिवाचा मामला आहे. मग मी प्रत्येक हालचालीला एकच प्रश्न लावतो : हा कुत्रा आत्ता आडोशात असता, तर बंदुकीच्या वाटेत आला असता का? याने नियमपुस्तकाची जागा भरत नाही, पण डळमळणारं मन जाग्यावर येतं.

पहिला कुत्रा यायच्या आत

जागा ठरवून झाली, पक्षी फेकणारे बसले, की स्वतः रेषेवर जाऊन उभे राहा. गुडघे टेकून बसा, अगदी कुत्र्याच्या उंचीवर. तिथून पक्षी दिसतो का? उंच गवतामुळे दिसत नसेल तर चांगला कुत्राही उठणार, पुढे सरकणार. तो दोष कुत्र्याचा नसतो, तुमच्या मांडणीचा असतो. टेस्टआधी एखादा स्पर्धेत नसलेला कुत्रा धाववून बघण्याची पद्धत आहे, तेव्हा हे ध्यानात येतं. जागा हलवा, लाजू नका.

मग सोबतच्या न्यायाधीशाशी बोलून घ्या, आणि हे बोलणं पहिल्या कुत्र्याच्या आधीच झालं पाहिजे, सातव्याच्या नंतर नाही. किती सरकलेलं चालवायचं? रेषेजवळची एखादी खूण दोघांनी मनात धरा : गवताचा झुबका, बादली, चटईची कड. त्या खुणेच्या अलीकडे आणि पलीकडे असा फरक केला की तिसऱ्या तासाला थकलेल्या डोळ्यांनाही तोच फरक दिसतो.

डोळ्यांची वाटणी करा. एकाने पक्षी आणि बंदुका बघायच्या, दुसऱ्याने फक्त कुत्रा. हे सांगायला सोपं आहे. हवेत पक्षी उडाला की माणसाची मान आपोआप वर जाते, दोघांचीही. मी पहिल्या दिवशी एक सुटका अशीच हुकवली. नजर खाली आणली तोवर कुत्रा बारा पावलांवर होता आणि त्याचा हँडलर तोंड दाबून उभा होता. नाव घेऊन सोडला की आपणच गेला, मला सांगता येईना. सोबतच्या न्यायाधीशाने पाहिलं होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून कुत्र्यावर पाळी असली की मी टोपीची कड इतकी खाली ओढतो की आभाळ दिसतच नाही.

रेषेपर्यंतची चाल

कुत्रा शेवटच्या आडोशातून, म्हणजे पाळीची वाट बघायच्या जागेतून, निघाला की तुमच्या नजरेखाली आला. तो हँडलरच्या मांडीशी चालतोय की त्याला ओढत पुढे जातोय? बस म्हटल्यावर किती वेळा म्हणावं लागलं? सुटणाऱ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांची कुंडली इथेच वाचता येते. पण वाचलेल्या कुंडलीवर गुण देऊ नका. ‘हा सुटणार’ असं मनाशी ठरवून बसलेला न्यायाधीश पुढे कान हलला तरी सुटका बघतो.

हललं, सरकलं, सुटलं

हा सगळ्या लेखाचा गाभा. चार गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका.

हलणं : बसल्या जागी मान वळवणं, पुढचे पाय नाचवणं, दुसरा पक्षी बघायला बूड फिरवणं, पक्षी नीट दिसावा म्हणून उभं राहून तिथेच थांबणं. यात दोष नाहीच, कधीकधी ही स्टाइलची खूण असते. दगडासारखा बसून दुसऱ्या पक्ष्याकडे मान न वळवणारा कुत्रा तो पक्षी शोधायला जाईल तेव्हा कळेल.

सरकणं, म्हणजे क्रीप : बूड टेकवत किंवा जेमतेम उचलत पुढे येणं. पाऊल, दोन पाऊल. इथे गुण कापायचे, पण किती ते अंतरावर आणि कारणावर ठरतं. पक्षी दिसावा म्हणून एक पाऊल पुढे येऊन परत बसलेला एक. प्रत्येक बंदुकीसरशी इंचाइंचाने चोरी करत, मालकाच्या गुडघ्यापासून पाठ दिसेल इतका पुढे आलेला दुसरा. दुसऱ्याला मी जबर कापतो. तो अजून गेलेला नाही, पण मन गेलंय आणि शरीर हप्त्याहप्त्याने मागून जातंय. पुढे आलेला कुत्रा हँडलरने परत बोलावून जागेवर बसवला का, आणि तो पहिल्या हाकेला आला का, हेही लिहून ठेवा.

सुटणं, म्हणजे ब्रेक : पक्षी आणायच्या इराद्याने, न पाठवता जाणं. खरा शब्द आहे इरादा. अंतर मोजू नका. चार फूट गेलेला कुत्रा सुटलेला असू शकतो आणि सहा फूट गेलेला नुसता सरकलेला. इरादा दिसतो कुठे? पाठीत. सरकणाऱ्याचं वजन मागच्या पायांवर राहतं आणि डोकं वर असतं, तो अजून बघतोय. सुटणाऱ्याचं डोकं खाली जातं, पाठ लांब होते, मागचे दोन्ही पाय एकदम जमीन ढकलतात. पतंगाची दोरी तुटल्यावर पतंगाची चाल बदलते ना, तसं काहीतरी क्षणात बदलतं. पन्नासेक कुत्रे बघितल्यावर हे डोळ्यांत बसतं.

सुटून थांबणं, म्हणजे कंट्रोल्ड ब्रेक : गेला, पण एका हाकेवर वळला. ‘लगेच’ या शब्दावर इथे सगळे वाद होतात. तीन शिट्ट्या, दोन आरोळ्या आणि अर्ध्या वाटेवर नाइलाजाने थांबलेला कुत्रा माझ्या मते ताब्यात नव्हता. हँडलर गप्पच राहिला आणि कुत्रा स्वतःच थबकून परत आला तर? तसं मी एकदाच पाहिलं. सिनियरची पातळी होती, कुत्रा तीन पावलं गेला, थांबला, मागे वळून मालकाकडे बघितलं आणि चोरी पकडल्यासारखा येऊन बसला. आम्ही दोघांनी कंट्रोल्ड ब्रेक लिहिला. त्याला आणखी कठोर करायचं कारण आम्हाला दिसलं नाही.

हँडलरकडेही बघा

पहिला पक्षी मागवण्याची खूण केल्यापासून न्यायाधीश नंबर पुकारेपर्यंत मास्टरच्या हँडलरने गप्प राहायचं असतं. बहुतेक जण जिभेने गप्प असतात. मग गुडघा हळूच कुत्र्याच्या छातीपुढे येतो. हात मांडीवर थोपटतो. बंदूक आडवी धरली जाते. घसा साफ होतो, आणि दर पक्ष्याला साफ होतो. कुत्र्याला हात लावणं किंवा त्याच्या वाटेत काही धरणं ही युक्ती नव्हे, नियमभंग आहे. ज्याच्याकडे कुत्रा बघायची पाळी आहे, त्याच्या नजरेच्या चौकटीत हँडलरचे हात-पाय आलेच पाहिजेत. खुर्ची त्या हिशेबाने थोडी बाजूला लावा. बरोबर पाठीमागे बसलात तर हँडलरच्या पायाआड अर्धा कुत्रा लपतो.

नंबर पुकारताना

हे तुमच्याच हातात आहे आणि यात नवखे न्यायाधीश फार घोळ घालतात. शेवटचा पक्षी जमिनीला लागला की लगेच नंबर, असं प्रत्येक वेळी केलंत तर दमाची परीक्षाच झाली नाही. उलट अर्धा मिनिट ताटकळत ठेवलंत तर ती परीक्षा नव्हे, छळ. सगळ्यांना साधारण सारखाच विराम द्या. आवाज चढवू नका, झटका देऊ नका. मुरलेले कुत्रे न्यायाधीशाचा आवाज ओळखतात आणि मालकाने नाव घ्यायच्या आत नंबरावरच निघतात.

नंबराच्या आधी गेला तर प्रश्नच नाही, सुटला. नंबर आणि नाव यांच्या मधल्या पोकळीत गेला तर? मी स्वतः त्याला सुटका म्हणत नाही. पक्षी त्याच्या नावावर झाला होता, बंदुका शांत होत्या. पण ताबा कच्चा आहे, म्हणून ट्रेनेबिलिटीत कापतो. तुमच्या जोडीदाराचं मत वेगळं असू शकतं, म्हणून हाही मुद्दा सकाळच्या बोलण्यात घ्या.

ऑनर : दुसऱ्याचं लग्न

एक कुत्रा काम करतो आणि दुसरा शेजारी बसून नुसता बघतो, याला ऑनर म्हणतात. दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसवावं आणि वाढू नये, तसा प्रकार. सिनियर आणि मास्टरमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला हा एकदा तरी येतोच. बहुतेक वेळा आपलं काम नुकतंच संपवून, रक्त तापलेलं असतानाच कुत्र्याला बसावं लागतं, आणि आतापर्यंत गुणी बसलेले कुत्रे इथे ढासळतात.

ऑनरवरचा कुत्रा सुटला आणि काम करणाऱ्याच्या वाटेत आला किंवा त्याचा पक्षी उचलला, तर काम करणाऱ्याला पुन्हा संधी द्या. त्याचा काही दोष नाही. दोन कुत्रे एका पक्ष्यावर पोहोचले तर जुंपूही शकते, म्हणून ऑनरची जागा इतकी जवळ ठेवू नका की एका उडीत भिडतील आणि इतकी लांबही नको की पक्षी दिसणारच नाहीत. न दिसलेल्या पक्ष्यावर बसून राहिला, त्यात परीक्षा कसली?

दोघंही न्यायाधीश काम करणाऱ्या कुत्र्यामागे बघत राहतात आणि ऑनरवाला विसरला जातो, हे इतकं सर्रास घडतं की मी वहीच्या प्रत्येक पानावर वरच ‘ऑ कोण बघतंय?’ असं लिहून ठेवतो. ऑनरवाल्याला मोकळं करायलाही विसरू नका. बिचारा हँडलर तुमच्याकडे आशेने बघत उभा असतो.

वॉक-अपमध्ये, म्हणजे चालता चालता अचानक पक्षी उडतो तेव्हा, कुत्रा बसलेला नसतो. त्यामुळे पहिलं एखादं पाऊल गतीचं समजा आणि तो थांबतो कधी ते बघा. फेक बिघडली आणि ‘नो-बर्ड’ पुकारावं लागलं तर हँडलरला कुत्रा शांत करायला वेळ द्या. चूक तुमच्या बाजूची होती.

आकडे लिहिताना

आधी घडलं ते लिहा, मग आकडा. ‘सुटला’ असं नुसतं लिहू नका. ‘दुसऱ्या बंदुकीला उठला, डोकं खाली, चार पावलं, एका ‘सिट’वर परत’ एवढं लिहिलंत तर संध्याकाळी पंचविसाव्या कुत्र्यानंतरही तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. खुणा स्वतःच्या ठेवा. माझ्याकडे सरकण्याला बाण, सुटण्याला फुली आणि परत आलेल्याला फुलीभोवती गोल आहे.

पास व्हायला प्रत्येक गुणाची सरासरी निदान 5 आणि सगळ्यांची मिळून निदान 7 लागते. समजा सिनियरचा एक कुत्रा चार प्रसंगांत ट्रेनेबिलिटीला 3, 8, 7, 8 मिळवतो. तो 3 कंट्रोल्ड ब्रेकचा आहे. सरासरी 6.5, म्हणजे त्या खात्यात तो वाचला. बाकीच्या तीन खात्यांत 8, 8 आणि 7.5 असेल तर एकूण 7.5, पास. पण बाकी तिन्ही जेमतेम 7 असतील तर एकूण 6.875 होते आणि रिबन हुकते. म्हणजे आकडा प्रामाणिक दिलात तर माफी कुणाला परवडते आणि कुणाला नाही, ते बेरीजच ठरवते. तुम्ही दया म्हणून 3 चा 5 करायची गरज नाही. तसंच मनातला राग काढायला स्टाइलच्या खात्यात हात घालू नका. सुटलेल्या कुत्र्याची स्टाइल बहुधा झकास असते, ती झकासच लिहा.

दोघांचे आकडे वेगळे येणार, येऊ देत. पण घटनेवर एकमत हवं. एकाच्या वहीत फुली आणि दुसऱ्याच्या वहीत काहीच नाही, असं असेल तर पुढचा कुत्रा बोलवायच्या आधी दोन मिनिटं घ्या. ज्याने पाहिलं त्याने सांगावं. ज्याने पाहिलं नाही त्याने ‘नसेल झालं’ म्हणू नये. आणि दोघांपैकी कुणालाच खात्री नसेल तर शंकेचा फायदा कुत्र्याला.

मास्टरमध्ये कुत्रा सुटला, आता हँडलरशी बोलायचं

तो माणूस पहाटे चारला उठून, दोनशे मैल गाडी हाकून आलेला असतो आणि कुत्रा सुटल्याचं त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. त्या क्षणी नियम वाचून दाखवू नका. कुत्रा पक्षी घेऊन आला की शांतपणे पक्षी घ्या, साखळी लावू द्या, ‘थँक यू’ म्हणा. नंतर गाड्यांपाशी येऊन त्याने विचारलं, तर वहीतली ओळ जशीच्या तशी सांगा : दुसऱ्या बंदुकीला, डोकं खाली, सहा पावलं. बहुतेक जण मान हलवतात आणि ‘हो, मलाही तसंच दिसलं’ म्हणतात. एकदा एका आजोबांनी मात्र मान हलवली नाही. ते म्हणाले, ‘सहा नाही, सात.’ मी वहीत दुरुस्ती केली.